आरसा अजून वाटेत आहे

आमच्या कॉलेजच्या जुन्या ग्रंथालयाने आपली दुर्मिळ पुस्तकं लोकांसाठी खुली करायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांत आधी ती लोकांपासून नीट बंद करण्यात आली. काचेची पेटी आली. पेटीला कुलूप आलं, कुलपाला किल्ली आली आणि किल्लीमागोमाग मी आलो.

मी म्हणजे दालन सहाय्यक. काम असं, की पेटीशेजारच्या खुर्चीत बसायचं आणि दर सोमवारी सकाळी हात साबणाने धुवून, कोरडे करून, पेटी उघडून आतल्या पुस्तकाचं एक पान उलटायचं. एकच पान फार दिवस उजेडात राहिलं तर पिवळं पडतं. "माणसाला ऊन लागलं तर तो सरकतो, पुस्तकाला कुणीतरी सरकवावं लागतं," असं ग्रंथपाल मॅडमनी मला रुजू होताना सांगितलं. मॅडमची सगळी हयात ग्रंथालयात गेली आहे. त्यांना शिंकसुद्धा आतल्या आत येते. तर सोमवारी पान उलटून झालं की बाकीचा आठवडा मी त्या उलटलेल्या पानाकडे बघत बसायचो. नोकरीत पुढे जायला वाव आहे का, असं ताईने फोनवर विचारलं, तेव्हा मी म्हणालो, आहे, आठवड्याला एक पान.

उद्घाटनाला गर्दी चांगली झाली होती. प्राचार्यांनी फीत कापली. कात्री ग्रंथालयाचीच असल्यामुळे ती फीत कापेना, नुसती चघळायला लागली. शेवटी मॅडमनी मागच्या बाजूने हळूच गाठ सोडली आणि टाळ्या वाजल्या. लोकांनी बिस्किटं खाल्ली, पेटीच्या काचेत बघून केस नीट केले आणि ते गेले. ते गेले ते गेलेच. मग एकदा एक कबूतर आलं, पण त्याच्याकडे ओळखपत्र नव्हतं.

आलेल्या प्रत्येकाला काय सांगायचं याचं एक कार्ड मॅडमनी मला प्लॅस्टिकमध्ये बंद करून दिलं होतं. नमस्कार. काचेला हात लावू नका. फोटो काढताना फ्लॅश नको. आणि मग खालचं, मुख्य वाक्य: यातलं कोणतंही पुस्तक तुम्ही शेजारच्या वाचनकक्षात मागवून पूर्ण वाचू शकता, फक्त ओळखपत्र आणा. हा सगळा खटाटोप या शेवटच्या वाक्यासाठीच होता. काचेची पेटी म्हणजे दुकानाच्या बाहेर टांगलेला एक शर्ट, माल आत. मी ते कार्ड खोलीवर कपाटासमोर उभं राहून पाठ केलं. कपाटाने शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं.

माझी खोली लॉन्ड्रीच्या वर आहे. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ येते, त्यामुळे फरशी कोमट असते आणि उशीला इतर लोकांच्या शर्टांचा वास येतो. एका परीने सोबतच म्हणायची. या शहरात मी कुणाला ओळखत नव्हतो. लॉन्ड्रीवाला मला ओळखायचा, पण फक्त निळ्या शर्टावरून. एकदा पांढरा घालून उतरलो तर म्हणाला, "पावती?"

रविवारी ताईचा फोन यायचा.

"काय ढब्बू, काही नवीन?"

"नाही."

"जेवलास?"

"हो."

"बरं, ठेवते."

मी तसा हडकुळा आहे. ढब्बू हे नाव मी लहान असताना पडलं आणि मी निघून गेल्यावरही तिथेच राहिलं.

तर एका सोमवारी, मी नुकतंच पान उलटून खुर्चीत टेकतोय, एक गृहस्थ घाईघाईने आत आले. साठीच्या आसपासचे, शर्टाच्या खिशाला गुलाबी मेणाचे डाग.

"बाथरूम कुठे आहे?"

"नमस्कार," मी म्हणालो. कार्डाचा क्रम सोडून चालणार नव्हतं.

"नमस्कार. बाथरूम?"

"काचेला हात लावू नका."

"नाही लावत, बाबा. बाथरूम?"

मी बोट दाखवलं. ते परत आले तेव्हा माझं फ्लॅशचं वाक्य तयार होतं, पण ते रुमालाला हात पुसता पुसता पेटीपाशी थांबले आणि वाचायला लागले. उजवीकडचं पान संपवून पुन्हा डावीकडे गेले. मग मान वर करून म्हणाले, "मग? पुढे?"

"पुढचं पान पुढच्या सोमवारी," मी म्हणालो.

कुणीही शहाण्या माणसाने यावर का, कशासाठी, हा काय प्रकार आहे, असं विचारलं असतं. त्यांनी मान डोलावली, जशी पुढची बस कधी ते कळल्यावर डोलावतात, आणि निघून गेले. मुख्य वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. त्या दिवशी ते खरंच चुकून राहिलं.

पुढच्या सोमवारी ते आले. मी नमस्कार म्हणालो, काच म्हणालो, फ्लॅश म्हणालो आणि थांबलो. हे मात्र चुकून नव्हतं. ते वाक्य मी म्हटलं असतं तर हा माणूस शेजारच्या खोलीत बसून एका दुपारीत अख्खं पुस्तक वाचून मोकळा झाला असता, आणि मग सोमवार परत नुसता सोमवार राहिला असता.

पुस्तक कसलं होतं तेही सांगतो. पहिलं पान अर्धं फाटलेलं, त्यामुळे लिहिणारा कोण ते कुणालाच माहीत नाही. उरलेल्या अर्ध्या पानावरून एवढंच कळत होतं, की एका माणसाने पुरुषभर उंचीचा आरसा खेचराच्या पाठीवर बांधून डोंगरापलीकडच्या गावी नेला, त्याची ही हकीकत. पेटीत ते का ठेवलं, तर पुठ्ठा चांगला होता. पाहुण्यांनी पहिल्यांदा वाचलेल्या पानावर असं होतं की खेचराने मान वळवली आणि त्याला शेजारी आणखी एक खेचर दिसलं, तेवढंच ओझं घेतलेलं. तेव्हापासून ते दर वळणावर आधी त्या दुसऱ्या खेचराला वाट द्यायला थांबायचं, आणि ते दुसरंही सभ्य असल्यामुळे तेही थांबायचं.

"आता ही दोघं हलणार कशी?" पाहुणे म्हणाले.

"कांबळं टाकावं लागेल आरशावर," मी म्हणालो.

"बरोबर. पण ते याला सुचेल तर ना."

पुढच्या सोमवारी आम्ही दोघं काचेवर वाकलो. त्याला कांबळं सुचलं होतं. पाहुण्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही ते मीच त्याला कळवलं होतं.

"तू आधी वाचलंयस."

"नाही, काका."

"किल्ली तुझ्याकडे आहे."

"आहे."

"म्हणजे वाचू शकतोस."

"शकतो."

"मग वाचू नको," ते म्हणाले. "दोघांनी बरोबरच जाऊ."

या शहरात माझ्याकडे कुणीतरी काहीतरी मागितलं ते पहिल्यांदाच. मी वाचलं नाही. सोमवारी पान उलटतानासुद्धा डोळे मिटून घ्यायचो आणि काका येईपर्यंत छताकडे बघत बसायचो. मॅडमनी एकदा ते पाहिलं आणि विचारलं, "प्रार्थना करतोस का?" मी हो म्हणालो. ते समजावून सांगायला सोपं होतं.

काका कवळ्या करायचे. दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टरकडून रुग्णाच्या हिरड्यांचा साचा यायचा, काका मेणात दात बसवायचे, आणि दात डॉक्टरकडे जायचे. साचे मंगळवारी येतात, म्हणून सोमवार मोकळा. जगाकडे त्यांचं बघणं हिरड्यांकडून वर असं होतं. दालनात संस्थापकांचं मोठं तैलचित्र आहे, करारी मुद्रेचं. काकांनी त्याच्याकडे एकदाच बघितलं. "करारी कसली. वरचे चार नाहीत, म्हणून ओठ घट्ट मिटलेत." तेव्हापासून मला संस्थापकांविषयी जरा जवळीक वाटते.

"ज्यांचे दात करता ते भेटतात कधी?" मी एकदा विचारलं.

"छे. साचा भेटतो. माणूस कशाला भेटेल?" ते काचेवर नाही, काचेच्या जरा वर बोट धरून ओळ शोधत होते. "पण रस्त्याने जाताना कुणी हसलं ना, की मी वळून बघतो. माझे का म्हणून. कधी कधी असतात."

"मग?"

"मग काय. ते दुसऱ्याच कुणाकडे तरी बघून हसत असतात. आपण पुढे जायचं."

हे त्यांनी दुधाचा भाव सांगावा तसं सांगितलं. घरी कोण असतं, असं मी विचारलं तर म्हणाले, "रेडिओ." थोड्या वेळाने, कुणाचा अपमान व्हायला नको अशा बेताने, "आणि एक कुंडी," म्हणाले.

असे आमचे सोमवार चालले. एकदा तर दोन्ही पानं नुसती दोराची गाठ कशी मारायची यावर निघाली. आठवडाभर वाट बघून गाठ. काका इतके खट्टू झाले की मला माफी मागावीशी वाटली. एकदा पान संपलं ते "आणि तेवढ्यात खेचराने" इथे. सात दिवस आम्ही वेगवेगळ्या घरी त्या खेचराचा विचार करत होतो. मी म्हणत होतो, लाथ मारली असणार. काका म्हणत होते, दोर चावला, दात फार मजबूत असतात त्यांचे. सोमवारी बघतो तर शिंकलं होतं.

"मला वाटतं तो आरसा पुलावर फुटतो," काका म्हणाले. पूल पुढे येणार हे लिहिणाऱ्याने दोनदा सांगितलं होतं. "उगाच पुलाचं नाव नसता घेत."

"मला वाटतं पोहोचतो," मी म्हणालो. "नीट पोहोचतो. पण त्या पत्त्यावर कुणी राहतच नसतं."

काकांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "तुझं वय काय रे?"

"तेवढं नाही."

"मग असलं कुठून सुचतं तुला?"

मी खांदे उडवले. लॉन्ड्रीवर राहून सुचतं, असं सांगता आलं नसतं.

आणि मग एक दिवस मॅडम माझ्या खुर्चीपाशी येऊन उभ्या राहिल्या. हातात चहाचा कप होता आणि तो त्या पीत नव्हत्या, म्हणजे गंभीर होतं.

"वाचनकक्षात आजवर किती जणांनी पुस्तक मागवलं, माहीत आहे?"

"नाही."

"कुणीच नाही. इतक्या फोमच्या उशा आणल्या पुस्तकं टेकवायला, सगळ्या अजून पिशवीत. समिती म्हणते, लोकांना नकोय तर उघडं कशाला ठेवायचं. सत्र संपेपर्यंत एकही मागणी आली नाही तर दालन बंद, पुस्तकं परत तळघरात." त्या थांबल्या. "तुलाही मग कुठेतरी बघावं लागेल."

"एक जण नियमित येतात, मॅडम."

"ते कवळीवाले? ते मागणी का करत नाहीत?"

मी आर्द्रता मोजायच्या यंत्राकडे बघितलं. ते व्यवस्थित होतं.

"तू सांगितलंस ना त्यांना?"

"सांगितलं. बरंचसं."

"बरंचसं म्हणजे?"

"नमस्कार, काच आणि फ्लॅश."

मॅडम रागावल्या की आवाज आणखी खाली जातो, आणि तो आधीच तळाला असल्यामुळे मग काही ऐकूच येत नाही. नुसते ओठ हलले. त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि गेल्या. चहा थंड होता. मी प्यायलो.

आता माझी अवस्था अशी झाली. ते वाक्य म्हणावं तर काका एका दुपारीत आरसा पुलापार नेणार किंवा फोडणार आणि परत येणार नाहीत. न म्हणावं तर दालनच बंद, मग ते येणार तरी कुठे. दोन्हीकडून सोमवार जात होता. फरक एवढाच, की एका बाजूने जाताना काकांना पुढचं कळणार होतं. रविवारी ताईने काही नवीन म्हणून विचारलं. मी नाही म्हणालो. जेवलो नव्हतो, पण हो म्हणालो.

सोमवारी काका आले. मी उभा राहिलो. उभं राहून काही सांगायची माझी ही पहिलीच वेळ.

"काका, यातलं कोणतंही पुस्तक तुम्ही शेजारच्या वाचनकक्षात मागवून पूर्ण वाचू शकता, फक्त ओळखपत्र आणा."

एका दमात म्हटलं. कपाटासमोरची मेहनत वाया गेली नाही.

"हो, माहीत आहे," काका म्हणाले. "बाहेर दारावर एवढा मोठा बोर्ड आहे."

"तुम्ही वाचलात?"

"पहिल्याच दिवशी. जाताना."

"मग मागवलं का नाहीत?"

काका पेटीवर वाकले होते ते तसेच राहिले. "तू सांगत नव्हतास," ते म्हणाले. "मला वाटलं तुझी काही अडचण असेल."

मी त्यांना समितीचं सांगितलं. सत्राचं, तळघराचं, उशांचं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, साचा हातात घेऊन बघावा तसं माझ्या जबड्याकडे बघत.

"एवढंच ना? मागणी हवी त्यांना? मग करू मागणी. दर सोमवारी करू. दोन पानं वाचायची, पुस्तक परत. आपल्याला कुठे घाई आहे."

इतका सोपा उपाय मला का सुचला नाही, याचाही मला त्या दिवशी आनंदच झाला. खाली लॉन्ड्रीवाल्याला मी आपणहून म्हणालो, "आज गरम होतंय." तो म्हणाला, "इस्त्री आहे." तरीही.

उपायात एक गोष्ट आमच्या दोघांच्याही लक्षात आली नव्हती. मागणी आली की पुस्तक पेटीत राहत नाही.

ते वाचनकक्षात जातं. वाचनकक्ष माझ्या दालनाला लागूनच आहे, मध्ये जाड काचेची भिंत. आत बोलायला मनाई, शाईचं पेन न्यायला मनाई, पिशवी न्यायला मनाई. आत जायचं मॅडमच्या टेबलाशेजारच्या दाराने, जे माझ्या दालनात येत नाही. बाहेर पडायचं पलीकडच्या दाराने, कारण आलेल्या आणि जाणाऱ्या माणसाने एकमेकांना पुस्तक देऊ नये. ते दार मागच्या जिन्यावर उघडतं आणि जिना मागच्या गल्लीत. ही सगळी व्यवस्था चोर डोळ्यांसमोर ठेवून केली होती, आणि ती चांगली होती.

पहिल्या मागणीच्या सोमवारी मी सकाळी पुस्तक मॅडमकडे नेऊन दिलं. पेटी रिकामी दिसू नये म्हणून तिच्यात दुसरं पुस्तक ठेवलं. ते गटारांविषयी होतं. आकृत्या होत्या. मग मी खुर्चीत बसलो, आणि काचेपलीकडे काका येऊन बसले. मॅडमनी पुस्तक फोमच्या दोन उशांवर टेकवलं, पान मिटू नये म्हणून त्यावर शिशाच्या बारीक गोळ्या भरलेली कापडी वळी ठेवली. काकांनी माझ्याकडे बघून हात वर केला. मीही केला. पेटीत आता काका होते आणि बघणारा मी एकटा.

त्यांनी आपली दोन पानं वाचली. मग हवेत दोन्ही हातांनी एक मोठा उभा चौकोन काढला आणि तळवा शांतपणे आडवा फिरवला. आरसा ठीक आहे. मी गरजेपेक्षा जास्त मान हलवली. काका उठले आणि पलीकडच्या दाराने गेले.

दुसऱ्या सोमवारी पुन्हा चौकोन, आणि मग हात डुगडुग डुगडुग. पूल आला असणार. मी भुवया उंचावून विचारलं, फुटला? त्यांनी पुन्हा डुगडुग. तेवढ्यात मॅडम आल्या आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवून काकांना गप्प बसायची खूण केली. ज्या माणसाने एक अक्षर उच्चारलं नव्हतं तो माणूस ओशाळून गप्प बसला.

समिती मात्र खूश होती. दर आठवड्याला मागणी येते आहे, तीही एकाच पुस्तकाला, म्हणजे वाचक गंभीर आहे. दालन सुरू ठेवायचं ठरलं. माझी खुर्ची बदलून हातांची खुर्ची देण्यात आली. मी तिच्यात बसून गटारं बघू लागलो.

खरी गंमत अशी की काकांना इकडे दालनात यायला कुणीच मनाई केलेली नव्हती. मागच्या गल्लीतून इमारतीला वळसा घातला की पुढचं दार. येऊ शकले असते. मी बसल्या बसल्या त्याची कारणं काढत असे. आता ते माझ्या पुढे गेले आहेत, पोटात गोष्ट घेऊन समोर बसणं त्यांना जमत नसेल. किंवा वळसा मोठा आहे. किंवा आधी ते पुस्तकासाठीच येत होते आणि मी फक्त पेटीच्या शेजारी होतो. हे तिसरं कारण सगळ्यांत साधं होतं, म्हणून तेच जास्त वेळा यायचं.

मग तो सोमवार आला. काका वाचत होते. डावं पान, उजवं पान, परत डावं. मग त्यांनी चष्मा काढला आणि हात तोंडावर ठेवला. तसाच ठेवला. ज्या माणसाचं सगळं दातांत आहे त्याने तोंड झाकलं, तर मागे हसू आहे की काय आहे हे कुणाला कसं कळावं. मी उठून काचेपाशी गेलो, हवेत चौकोन काढला. त्यांनी वर बघितलंच नाही. थोड्या वेळाने उठले, पुस्तक उशीवर तसंच ठेवलं आणि पलीकडच्या दाराने गेले. माझा चौकोन हवेत राहिला. काचेत मीच दिसत होतो, कुणाला तरी खिडकी समजावून सांगत असल्यासारखा.

संध्याकाळी पुस्तक दालनातल्या कपाटात परत ठेवायला मीच नेतो. ते हातात होतं. काकांनी खुणेसाठी ठेवलेली कागदाची पट्टी आतून डोकावत होती. किल्ली माझी, कपाट माझं, दालनात मी आणि हवा कोरडी ठेवणारं यंत्र. नुसतं पट्टीपाशी उघडलं असतं तरी कळलं असतं. पण वाचू नको, असं त्यांनी सांगितलं होतं. ते सांगणं अजून लागू आहे की संपलं, हे त्यांनाच विचारावं लागलं असतं. मी पुस्तक कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि ते लागलंय का ते ओढून बघितलं.

पुढचा सगळा आठवडा मी पुलावर होतो. रविवारी फोन वाजला.

"काय ढब्बू, काही नवीन?"

"आरशाचं काय झालं ते कळलं नाही अजून."

"कसला आरसा?"

मी सांगायला लागलो. खेचर, दुसरं खेचर, कांबळं, गाठ, शिंक. संस्थापकांचे वरचे चार, काचेची भिंत, मागचं दार. ताईने मध्ये गॅस बंद केला, दार लावलं, कुणाला तरी थांब म्हणाली. पूल आला तेव्हा ती म्हणाली, "मग? पुढे?"

"पुढचं मला माहीत नाही."

"अरे, पुस्तक तुझ्याच कपाटात आहे ना?"

"हो, पण ते लोकांसाठी खुलं आहे. मी कर्मचारी. मी लोकांत येत नाही."

पलीकडे ताईने खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला.

"आणि ते काका?" ती म्हणाली. "ते पुढचं वाचतात आणि मागच्या दाराने निघून जातात?"

"हो."

"आणि तू पुढच्या बाजूला बसतोस."

"माझी खुर्ची तिथे आहे."

"ढब्बू," ताई म्हणाली, "तू लहानपणीही असाच होतास. लपाछपीत सगळे घरी जेवायला गेले तरी तू आपला कपाटात. शोधायला कुणी आलं नाही तर आपण बाहेर यायचं असतं, हे तुला कुणी सांगितलंच नाही. आता मी सांगते. सुट्टी टाक."

सोमवारी सकाळी लवकर जाऊन मी आरशाचं पुस्तक मॅडमकडे दिलं आणि त्या दिवसाची सुट्टी मागितली.

"आज? मग पान कोण उलटणार?"

"गटारांचं आहे, मॅडम. थांबेल."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी पांढरा शर्ट घातला होता. त्यांनी पेटीच्या किल्लीसाठी हात पुढे केला.

"मीच उलटते," त्या म्हणाल्या. मग कागदांत बघत, जवळपास ऐकू येईल अशा आवाजात, "मागच्या गल्लीत नळ गळतो. जपून उभा राहा. घसरतं."

मी इमारतीला वळसा घालून मागच्या गल्लीत गेलो. वळसा खरंच मोठा होता, तेवढं बरं वाटलं. जिन्याचं गल्लीतलं दार लोखंडी आहे, बाहेरून त्याला कडी नाही की मूठ नाही. फक्त आतून उघडतं. मी नळापासून अंतर ठेवून भिंतीला टेकलो. काय बोलायचं ते काही पाठ केलं नव्हतं. नमस्कार म्हणावं का? पुलाचं विचारावं का? की काहीच न विचारता कुंडी कशी आहे, असं म्हणावं? आज ते आले नसतील, मागच्या सोमवारीच पुस्तक संपलं असेल, असंही वाटून गेलं. सगळी पानं संपल्यावर चष्मा काढतातच लोक. तसं असेल तर मी एका दारासमोर सुट्टी टाकून उभा आहे, एवढंच.

नळ गळत होता. गल्लीतून एक बाई गेल्या, कुणाकडे तरी आला आहात का म्हणून विचारलं. मी हो म्हणालो.

मग दारामागे पावलं वाजली. वरच्या मजल्यापासून कुणीतरी जिना उतरत होतं. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. अगदी सावकाश, अंगापेक्षा मोठं काहीतरी, फुटेल असं, दोन्ही हातांत धरून उतरावं तसं.